डोंगर उतरतांना

पन्नाशी उलटली कीं माणसानें वनाची वाट धरावी, असें आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं सांगून ठेवलें आहे. अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केस पांढरे झाले आणि नातवाचें तोंड पाहिलें, म्हणजे घराचीं सूत्रें मुलाच्या हातीं द्यावीं आणि आपण वानप्रस्थ व्हावें, हा तो दंडक. हल्लीं हा दंडक नेमका उलट झाला आहे. नातवाचें तोंड दिसलें कीं आजा-आजी गांवाकडील घराला कुलूप लावतात आणि पुण्याच्या एखाद्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर त्या नातवाला सांभाळण्यासाठीं रवाना होतात. मजजवळ सुरकुत्या आहेत, पांढरे केस आहेत आणि गेल्या फाल्गुनापासून नातूहि आहे. तेव्हां दोन्ही आज्ञा मला सारख्याच लागू आहेत. पुण्याची आज्ञा अमलांत आणण्यास निवृत्तीपर्यंत दोन वर्षांचा अवकाश आहे. म्हणून वनाची आज्ञा एका रविवारापुरती आधीं पाळून पाहिली, त्याची ही हकीकत.

कल्पना माझी नव्हे. आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक माझे शेजारी आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, हल्लीं डोंगर चढणें म्हणजे दुसऱ्यानें आंखलेल्या रेषेवरून बोट फिरविणें झालें आहे. सह्याद्रींतील कोणत्याहि प्रसिद्ध किल्ल्यावर जा. दगडादगडावर बाण रंगविलेले आढळतात, अवघड जागीं लोखंडी कठडे असतात आणि माथ्यावर गरम भजीं मिळतात. "आपण असा डोंगर चढूं," ते म्हणाले, "कीं ज्यावर जाण्याचें कोणाला कांहींच कारण नाहीं." किल्ला नाहीं, देऊळ नाहीं, दर्गा नाहीं, धबधबा नाहीं, म्हणून वाटहि नाहीं. असा डोंगर शोधण्यास आम्हांस फार दूर जावें लागलें नाहीं.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यांत पक्के आहेत. एक घाटावरचा आणि एक घाटाखालचा. सोयरीक जुळवितांनासुद्धां हा भेद ध्यानांत घेतात. ही वांटणी आजकालची नव्हे. मोगलांच्या अमलांतहि वऱ्हाडचे बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग मानले जात. बुलढाणें शहर बरोबर या घाटाच्या कांठावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर बसलें आहे. मोताळ्याकडे जाणाऱ्या सडकेनें राजूर घाट उतरूं लागलें कीं खालीं पूर्णेच्या खोऱ्याचें काळें मैदान पसरलेलें दिसतें, आणि हवा निरभ्र असली तर पलीकडच्या कांठाला सातपुड्याची निळी रेघहि दिसते. अजिंठ्याच्या डोंगराची ही जी कड, तिच्यावर लहान लहान टेकड्यांची एक रांग आहे. त्यांतील एकीला नकाशांत नांव नाहीं. नुसता उंचीचा आंकडा आहे. पायथ्याच्या वस्तींतले लोक तिला 'वरचं रान' म्हणतात आणि तेवढ्यावर त्यांचें भागतें. १९९७ सालीं जाहीर झालेलें ज्ञानगंगा अभयारण्य हिच्या पूर्वेस आहे. तेथें परवानगीवांचून पाऊल टाकतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. आमची टेकडी त्या सीमेबाहेरची.

कोजागिरी होऊन आठ दिवस झाले होते. आभाळ धुवून वाळत घातल्यासारखें स्वच्छ होतें. शेतांत सोयाबीनच्या सुड्या लागल्या होत्या, कपाशीचीं पहिलीं बोंडें फुटत होतीं आणि तुरीला कळी धरली होती. शरद ऋतूचें वर्णन करतांना आमच्या संस्कृत कवींनीं चंद्र, कमळें आणि हंस यांची चंगळ केली आहे. इंग्रज कवींनीं पिकलेलीं सफरचंदें आणि धुकें यांची. तीस वर्षें मीं वर्गांत त्या दुसऱ्या शरदाचें रसग्रहण केलें. परंतु आमच्या वऱ्हाडांतला शरद हा मुख्यतः गवताचा ऋतु आहे, हें अंगाला चिकटल्याशिवाय कळत नाहीं.

येथें 'अंगाला चिकटणें' हा वाक्प्रचार नव्हे. शेवटच्या शेताच्या बांधाशीं मोटार उभी करून आम्ही रानांत शिरलों आणि पन्नास पावलांत दोघांचींहि पायघोळ वस्त्रें गुडघ्यांपर्यंत कुसळांनीं भरलीं. हें कुसळी गवत मोठें कारागीर आहे. त्याच्या बियेचें टोंक सुईसारखें असतें. टोंकावर मागें वळलेले बारीक ताठ केस असतात, आणि शेपटीला पीळ घातलेला लांब कुसळ. दमट हवेंत तो पीळ सुटतो, ऊन लागलें कीं पुन्हां वळतो. या सुटण्या-वळण्यानें बी गिरमिटासारखें जमिनींत शिरतें. जमीन न मिळाली तर मेंढीची लोकर चालते, आणि लोकर न मिळाली तर प्राध्यापकाची विजारहि चालते. शिरलेलें कुसळ मागें ओढून निघत नाहीं. ज्या दिशेनें तें आंत गेलें त्याच दिशेनें पुढें काढावें लागतें. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना या यंत्राचा इतका आनंद झाला कीं, त्यांनीं एक कुसळ जिभेनें ओलें करून तळहातावर ठेवलें आणि त्याचें फिरणें पाहत पांच मिनिटें ते उभे राहिले.

वाट नसलेल्या डोंगरावर चालण्याची एक वेगळी रीत आहे. डोळे दूर लावून चालत नाहीं. गवताखालचा दगड दिसत नाहीं, म्हणून काठी आधीं पुढें टेकायची, मग पाऊल. काठीचा आवाज झाला म्हणजे साप असला तर तोहि आपली सोय पाहतो. घाणेरीचें झुडूप आडवें आलें तर त्याच्याशीं वाद न घालतां वळसा घ्यावा. कारण तिच्या जाळींत शिरणें सोपें आणि निघणें कठीण. दोन झाडांच्या मध्यें कोळ्यांनीं मोठालीं जाळीं विणलेलीं असतात आणि तीं नेमकीं तोंडाच्या उंचीवर असतात. म्हणून पुढें चालण्याची आम्ही पाळी लावली. जो पुढें असेल त्यानें जाळीं तोंडावर घ्यावीं आणि मागच्यानें निसर्गसौंदर्याविषयीं बोलावें.

हळूहळू गवत विरळ झालें आणि झाडें सुरू झालीं. धावडा, सालई, पळस, मधून मधून रानटी सीताफळाचीं झुडपें आणि त्यांवर डोळे उघडलेलीं फळें. सालईची साल कागदासारखी सुटत असते. तिला नख लावलें तर डिंकाचा वास येतो, धूपाच्या जातीचा. अंजनाचें झाड मात्र मला सर्वांत आवडलें. त्याच्या प्रत्येक पानाचे दोनच दळ, फुलपांखराच्या पंखांसारखे जोडलेले. इतक्या नाजूक पानांच्या झाडाचें लांकूड इतकें जड असतें कीं तें पाण्यांत टाकलें तर बुडतें. दिसणें आणि वजन यांचा संबंध नसतो, हें परीक्षकाचें काम केलेल्या माणसाला सांगावयास नको.

अर्ध्या तासानें आमच्या असें ध्यानांत आलें कीं, या डोंगरावर वाट नाहीं हें म्हणणें खरें नव्हे. वाटा पुष्कळ होत्या; त्या आमच्यासाठीं केलेल्या नव्हत्या एवढेंच. एक गुरांची, खुरांनीं खणलेली आणि शेणानें माखलेली. एक रोह्यांची, रोही, ज्याला इतर ठिकाणीं नीलगाय म्हणतात, तो एकाच जागीं येऊन लेंड्या टाकतो, तेव्हां त्याचा पत्ता सहज लागतो. एका ठिकाणीं रानडुकरांनीं जमीन उकरून ठेवली होती. यांपैकीं एकहि वाट माथ्याकडे जात नव्हती. सगळ्या डोंगराच्या कमरेभोंवतीं आडव्या जात होत्या. पाण्याकडून चाऱ्याकडे आणि चाऱ्याकडून सांवलीकडे. माथ्याची गरज जनावरांना नसते. ती हौस केवळ माणसाची आहे.

माझ्या मित्रांनीं खिशांतून मोबाइल काढला. त्यावर रेघ नव्हती. उपग्रहांच्या कृपेनें आमचा निळा ठिपका दिसत होता, परंतु भोंवतालचा नकाशा उतरला नव्हता. सगळा पडदा कोरा. आपण कोठें आहोंत हें कांहीं हातांच्या अंतरापर्यंत अचूक ठाऊक, आणि आपल्या आसपास काय आहे याचा पत्ता नाहीं, अशी ती अवस्था. तरी आम्हांस काळजी वाटली नाहीं. कारण चढावर एक मोठी सोय असते. 'वर' कोठें आहे हें पायांनाच कळतें. टेकडीच्या कोणत्याहि बाजूनें निघा, मध्यें घाणेरी येवो, घळ येवो, कडा येवो. चढ सोडला नाहीं तर शेवटीं सगळे पाय एकाच ठिकाणीं पोंचतात. माथा एक असतो. चढणाऱ्याची दिशा चुकणें जवळजवळ अशक्य आहे.

आमच्या डोंगरांत एकच फसगत होते. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक सांचून हा दख्खनचा प्रदेश झाला. ते थर आडवे आहेत आणि झिजतांना पायऱ्यांसारखे झिजले. त्यामुळें एक उभा टप्पा चढून गेलें कीं सपाटी लागते आणि माथा आला असें वाटतें. पुढें पाहावें तों दुसरा टप्पा उभा. असे चार माथे आम्हीं चढलों आणि पांचवा खरा निघाला.

त्या चौथ्या खोट्या माथ्यावर बसून पाणी पितांना माझ्या मनांत आलें कीं, आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय मुलांचें सगळें आयुष्य अशाच चढावर गेलें. दहावी, बारावी, पदवी, त्यावरची पदवी, पात्रतेची परीक्षा, नोकरी, नोकरीचा कायमपणा, डॉक्टरेट, वेतनश्रेणी. प्रत्येक पायरीवर वाटावें कीं हाच माथा. श्रम पुष्कळ झाले, कुसळेंहि पुष्कळ लागलीं. पण दिशेचा प्रश्न पडला नाहीं. वडील सांगत होते 'वर', मास्तर सांगत होते 'वर', शेजारीहि तेंच सांगत होते. ज्याला आपण निर्णय म्हणत होतों तो बहुधा वेगाविषयींचा निर्णय असे.

अकराच्या सुमारास माथा लागला. माथा म्हणजे एक लहानशी सपाटी, तिच्यावर खडकाचा एक उघडा पट्टा आणि पांचसात सालया. उत्तरेला पाताळांत पाहावें तसें पूर्णेचें खोरें. दक्षिणेला घाटावरचीं शेतें आणि दूर येळगांवच्या धरणाचें पाणी चमकणारें. माझे मित्र त्या खडकाच्या मधोमध उभे राहिले आणि हातांतली बाटली तिरपी करीत म्हणाले, "पाहा. हें पाणी इकडे सांडलें तर पैनगंगेला जाईल. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला, ती गोदावरीला. म्हणजे बंगालचा उपसागर. आणि तिकडे सांडलें तर नळगंगेंतून पूर्णेला, पूर्णेंतून तापीला, आणि सुरतेजवळ अरबी समुद्र." हें भूगोलाच्या पुस्तकांत मीं कैक वेळां वाचलें असेल. परंतु दोन समुद्रांमधलें अंतर एका माणसाच्या मनगटाच्या कलण्याएवढें असूं शकतें, हें त्या खडकावर उभें राहिल्यावर एकदम खरें वाटलें. पाणी अर्थात् त्यांनीं सांडलें नाहीं; आम्हांला तें प्यावयाचें होतें.

तेवढ्यांत खालून घुंगरांचा आवाज आला आणि सालयांच्या आडून एक म्हातारा गुराखी, आमच्याकडे ज्याला ढोरकी म्हणतात तो, वर आला. गुरें खालच्या टप्प्यावर चरत होतीं. आमचा आवाज ऐकून तो पाहावयास आला असावा. डोक्याला मळकट रुमाल, हातीं काठी, खांद्यावर भाकरीचें फडकें.

"कुठून आले जी?" त्यानें विचारलें.

मीं दक्षिणेकडे हात केला. "बांधापासून सरळ वर आलों, बाबा. वाट कांहीं नव्हती."

"वाट कशी नाई? गवत मोडत आले नं? तेच वाट." तो खडकावर टेकला. "उतरनार कोन्या अंगानं?"

माझ्या मित्रांना उत्तरेची बाजू खुणावीत होती. आल्या बाजूनें परत जाणें त्यांच्या तत्त्वांत बसत नाहीं. त्यांनीं घाटाखालीं दिसणाऱ्या एका वस्तीकडे बोट दाखविलें आणि तेथें उतरतां येईल का, असें विचारलें.

"येते. काऊन नाई येत? सोंडेनं जाय लागते. नाल्यानं नका जाऊ. नाल्याले कडा लागते, मंग ना खाली ना वर." मग जरा थांबून त्यानें विचारलें, "पन खाली कोन हाय तुमचं?"

"कोणी नाहीं," माझे मित्र म्हणाले.

"गाडी येनार हाय का घ्यायले?"

"गाडी या बाजूला आहे."

"मंग कायले उतरता तिकडं?"

पदार्थविज्ञानाजवळ या प्रश्नाचें उत्तर नव्हतें, आणि इंग्रजी वाङ्मयाजवळहि नव्हतें. म्हाताऱ्यानें आमच्यापैकीं कोणाला कमी लेखलें नाहीं. त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. जातां जातां त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. "चढता चढता मांघं पाह्यत जावं, सायेब. जातानाचा डोंगर येगळा अन् येतानाचा येगळा. ज्यानं मांघं पायलं नाई, त्याले उतरताना आपलंच रान वयखू येत नाई."

हें अगदीं खरें निघालें. आल्या बाजूनें उतरावयाचें ठरवून आम्ही कडेला आलों, तों खालीं एक सोंड दिसावी तेथें तीन दिसल्या. सकाळीं ज्या एका रेषेनें आम्ही वर आलों होतों, ती वरून पाहतां पंख्याच्या काड्यांसारखी फांकली होती. एक सोंड आमच्या मोटारीकडे जात होती, दुसरी भलत्याच ओढ्यांत आणि तिसरी दोन कोस दूरच्या दुसऱ्या गांवाच्या शिवारांत. वरच्या टोंकाला तिघींमध्यें दहा पावलांचेंहि अंतर नव्हतें. चढतांना सगळ्या वाटा एक होतात. उतरतांना एकीच्या अनेक होतात. 'वर' एकच असतें, पण 'खालीं' हें कांहीं एका ठिकाणाचें नांव नव्हे.

जगांतल्या मोठ्या पर्वतांच्या कथांतहि हेंच आहे. एडवर्ड व्हिंपर या इंग्रज तरुणानें मॅटरहॉर्नवर चढण्याचे अनेक प्रयत्न केले आणि ते फसले. शेवटीं १४ जुलै १८६५ रोजीं सात जणांची तुकडी माथ्यावर पोंचली. तेथें तासभर त्यांनीं आनंदांत घालविला; आणि उतरतांना एकाचा पाय घसरला, दोर तुटला, आणि सातांतले चौघे गेले. वर्षानुवर्षें जो विचार झाला होता तो सगळा चढण्याचा.

आमच्याच जिल्ह्यांत या नियमाला एक नामांकित अपवाद आहे. लोणारचें विवर. उल्केच्या आघातानें खडकाला पडलेली सुमारें १.८ किलोमीटर व्यासाची ही वाटी. तिच्या कांठावर कोठेंहि उभे राहा आणि उतरूं लागा. सगळे एकाच सरोवराच्या कांठीं भेटतात. तेथें चुकण्याचें भय असलें तर तें वर येतांना. आमच्या आजोबांच्या काळचें म्हातारपण मला या लोणारसारखें वाटतें. कोणत्याहि बाजूनें उतरा, तळाशीं तेंच घर, तीच ओसरी, तींच माणसें. चालणाऱ्याला निवड करावी लागत नसे. घरांतल्या बायकांना त्या वाटींत किती कोंडून घ्यावें लागे हें मला ठाऊक आहे, म्हणून त्या काळासाठीं मी अश्रु ढाळीत नाहीं. परंतु आजचें आमचें म्हातारपण वाटीसारखें राहिलें नाहीं; तें डोंगरासारखें झालें आहे, एवढें मात्र निश्चित.

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या महाविद्यालयांतून निवृत्त झालेल्या मंडळींकडे पाहिलें म्हणजे त्या तीन सोंडा मला स्पष्ट दिसतात. एक जण मुलाकडे पुण्यास गेले, ते सणासुदीला फोन करतात आणि फोन ठेवतांना दर वेळीं विचारतात, "वाचनालयांत कोण कोण येतें हल्लीं?" दुसरे येथेंच राहिले, त्यांच्या घराचे चार खोल्यांतले तीन दिवे संध्याकाळीं लागत नाहींत. तिसरे गांवीं शेतीवर गेले आणि सुखी आहेत असें सर्वजण सांगतात. ते स्वतः कांहींच सांगत नाहींत. या तिघांची खोली एकच होती. एका टेबलाभोंवतीं बसून त्यांनीं तीस वर्षें चहा घेतला. दहा पावलांचेंहि अंतर नव्हतें.

सोंडेवरून काठी टेकीत उतरतांना मला राहून राहून म्हाताऱ्याचा तो प्रश्न ऐकूं येत होता आणि त्याबरोबर एका वाघाची आठवण होत होती. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्यें रेडिओचा पट्टा घातला होता. जूनमध्यें तो आपल्या जन्मभूमींतून निघाला आणि शेतें, सडका, नाले ओलांडीत, महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन राज्यांतून फिरत, १,३०० किलोमीटरांहून अधिक चाल करून वर्षअखेरीस आमच्या ज्ञानगंगेंत येऊन पोंचला. पुढें पट्टा निघेपर्यंत त्याची एकूण चाल ३,००० किलोमीटरांच्या घरांत गेली. त्या वेळीं आम्हां बुलढाणेकरांना केवढा अभिमान वाटला! सगळें रान पालथें घालून त्यानें आमचें रान पसंत केलें असें आम्हीं एकमेकांस सांगितलें. ज्ञानगंगेंत त्याला काय नव्हतें? रोही होते, रानडुकरें होतीं, पाणी होतें, सांवली होती. फक्त दुसरा वाघ नव्हता आणि वाघीणहि नव्हती. येथें वाघीण आणून सोडावी कीं काय, याचा खल त्या काळीं जाणत्या लोकांत झाला. म्हणजे अभ्यासकांनीं उपग्रहाच्या मदतीनें जो प्रश्न विचारला तो शेवटीं त्या ढोरक्याचाच होता. चारा-पाणी आहे हें कळलें; पण खालीं कोण आहे?

हा प्रश्न मीं घरीं येऊन विचारला. आमची गृहिणी अंगणांत माझी विजार मांडीवर घेऊन एकेक कुसळ पुढच्या दिशेनें काढीत होती. तिनें मान वर न करतां सांगितलें, "तिथें नातू आहे." तिच्या दृष्टीनें प्रश्न तेथेंच संपला. मी म्हणालों, नातू तीन वर्षांनीं शाळेंत जाईल. मुलगा आणि सून सकाळीं आठला निघून रात्रीं आठला येतात. मग अकराव्या मजल्यावर दिवसा आपलें कोण? त्यावर ती म्हणाली, "आणि इथें? तुमचे विद्यार्थी गेले पुण्यालाच. राहिले ते रस्त्यांत नमस्कार करतात आणि पुढें जातात. माझ्या मैत्रिणी दोन होत्या, त्यांतली एक गेल्या पावसाळ्यांत गेली." एवढें बोलून ती पुन्हां कुसळें काढूं लागली. तिच्या बोलण्यांत रोष नव्हता. तिनें माझ्या आधींच खालीं वांकून पाहून ठेवलें होतें, एवढेंच.

मला त्या दिवसापर्यंत असें वाटत होतें कीं, आमच्यापुढचा प्रश्न बुलढाणें कीं पुणें, घर कीं सदनिका, थंड हवा कीं मोठी रुग्णालयें असा आहे. म्हणजे मी दोन उतारांची तुलना करीत होतों: कोणता सोपा, कोणता सांवलीचा, कोणत्या बाजूचें दृश्य चांगलें. उताराची परीक्षा उतारावरून होत नाहीं. तळाशीं दार कोण उघडणार, यावरून होते. आणि हें दार आयत्या वेळीं उघडत नाहीं. तेथें आधीं जाऊन-येऊन असावें लागतें. पुण्यांतल्या मुलाच्या घरीं मी आजवर पाहुणा म्हणून गेलों. चार दिवस, गोडधोड, परतीचें तिकीट. त्या इमारतींत माझ्या वयाचे किती गृहस्थ आहेत हें मला ठाऊक नाहीं. आणि बुलढाण्यांत तीस वर्षें राहिलों, पण महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच्या किती घरांत मी कारणावांचून जाऊन बसूं शकतों, हेंहि एकदा मोजून पाहावयास हवें.

म्हणून आम्हीं दोघांनीं असें ठरविलें आहे. येत्या उन्हाळ्यांत महिनाभर पुण्यास राहावयाचें, पण परतीचें तिकीट आधीं काढावयाचें नाहीं. भाजी मीं आणावयाची, दळण तिनें टाकावयाचें, नातवाला संध्याकाळीं खालीं बागेंत न्यावयाचें आणि तेथल्या बांकावर कोण बसतें तें पाहावयाचें. तो महिना झाला कीं येथें परत येऊन बुलढाण्यांतहि दोन महिने तसेंच राहावयाचें: व्याख्यानें नाहींत, समित्या नाहींत, नुसतें लोकांकडे जावयाचें आणि त्यांना आपल्याकडे येऊं द्यावयाचें. कोणती सोंड गांवाला जाते आणि कोणती कड्याला लागते, हें वर असतांनाच पाहून ठेवलेलें बरें. उतरावयास अजून दोन वर्षें आहेत.